निळ्या पेन्सिलीच्या रेघा

भिंगबाईच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती कादंबरीच्या पान एकतीसवर.

भिंगबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं तयार माल तपासत होती. टेबलावर शर्ट आला की आधी कॉलर, मग पुढची पट्टी, मग काजं, कफ आणि शेवटी खालची दुमड, अशी तिची बोटं फिरायची. कुठे टाका सुटला असेल, धागा लोंबत असेल, तर तिथे लाल बाणाची चिकटी लावून ती शर्ट मागे धाडायची. शिवणाऱ्या बायका तिच्यावर डूख धरून असायच्या, आणि हे नावही त्यांनीच ठेवलेलं. तिला ते मनातून आवडायचं, पण तोंडावर तिने कधी तसं दिसू दिलं नाही.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांची तोंडं भरून देणारा हा माणूस घरी आला की स्वतःचं तोंड जेवणापुरतंच उघडायचा. बोलायचा तो फक्त वाचनमंडळात. चार वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, जनावरांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत चार माणसं जमायची आणि नव्या कादंबऱ्यांचा कीस पाडायची. मंडळ कादंबरीची एकच प्रत घ्यायचं. ती चौघांच्या घरी फिरायची, आणि प्रत्येकाच्या पेन्सिलीचा रंग वेगळा. त्याची निळी, औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईंची हिरवी, वायरमनची साधी काळी आणि शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंची लाल. एका फेरीत रेघा मारायच्या, दुसऱ्या फेरीत दुसऱ्यांच्या रेघा वाचायच्या. एवढं त्याने तिला पहिल्याच महिन्यात उत्साहाने सांगितलं होतं. पुढचं सांगायला लागला तेव्हा भाजी फोडणीला टाकता टाकता ती म्हणाली होती, "पुरे हो. रिकामटेकड्यांची सभा ती. तिचे नियम ऐकून मी काय करू?" त्यानंतर त्याने मंडळाचा विषय घरात काढला नाही.

त्या गुरुवारी ती कामावरून साडेतीनला आली. त्याच्या पिशवीची चेन दोन दिवसांपासून अडकत होती, म्हणून तो ती घरीच ठेवून गेला होता. दुरुस्तीसाठी तिने ती टेबलावर रिकामी करायला घेतली. जादाचा डबा निघाला, रुमाल निघाला, निळ्या पेन्सिलीचं थोटूक निघालं आणि कादंबरी निघाली. सहज म्हणून तिने ती उघडली.

पान एकतीस. 'लग्न म्हणजे रोज नव्याने बंद होणारं दार.' खाली निळी रेघ. साधीसुधी नाही, कागद दबला होता इतकी ठाम.

भिंगबाई खुर्चीत बसली. चेन राहिली बाजूला.

पान अठ्ठावन्न. 'त्या बाईच्या हसण्यात त्याला आपलं हरवलेलं तारुण्य सापडलं.' खाली निळी रेघ, आणि तिला अगदी खेटून हिरवी. पान त्र्याण्णव. 'निघून जायला फक्त एक बॅग लागते.' पुन्हा निळी आणि हिरवी. समासात त्याने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि त्याच्या शेजारी हिरव्या, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मलाही अगदी असंच वाटलं. रविवारी बोलू.'

रविवारी बोलू!

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. काळ्या रेघा होत्या, लाल होत्या, पण त्या आपापल्या वाटेने गेलेल्या. निळी आणि हिरवी मात्र सात ठिकाणी जोडीने. तिने सुतगुंडीच्या कागदी पट्टीमागे पानांचे आकडे लिहून घेतले, कारखान्यात लिहायची तसेच, एकाखाली एक. माणूस घरात बोलत नाही तो का बोलत नाही, याचा उलगडा होत होता. बोलणं दुसरीकडे खर्च होत होतं.

आता यात एक गोष्ट अशी होती, जी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. कारखान्याच्या मालकांनी चार तासांवरच्या गावात नवा कारखाना काढला होता. मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं होतं, "तिथे चाळीस मुली घेतल्यात, पण तपासणीचा त सुद्धा कुणाला येत नाही. तुम्ही दोन वर्षं जा, त्यांना तयार करा. राहायला खोली देऊ. सोमवारी सकाळी हा फॉर्म भरून आणा, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो." ती लगेच म्हणाली होती, "आणि आमच्या ह्यांच्या जेवणाखाण्याचं काय?" मॅनेजर हसून म्हणाला होता, "विचार करा." तिने विचार केला होता, आणि सोमवारी 'नाही' म्हणायचं हे बुधवारपर्यंत पक्कं झालं होतं. एकोणतीस वर्षांच्या संसारात माणसाला एकटं टाकून कसं जायचं?

पण तो माणूसच जायच्या तयारीत असेल तर?

एकच रेघ तिला आधाराला सापडली. पान एकशे अठ्ठेचाळीस. 'तिच्यावर प्रेम होतं, म्हणूनच तो इतकी वर्षं गेला नाही.' खाली निळी रेघ होती आणि जवळपास हिरवी नव्हती. त्या पानावर ती खूप वेळ थांबली. म्हणजे अजून काही शिल्लक होतं म्हणायचं. मग तिने चेन दुरुस्त केली, सगळं होतं तसं पिशवीत भरलं आणि लेकीला फोन लावला.

"बाबा?" लेक हसतच सुटली. "आई, बाबांना हॉटेलात दुसऱ्यांदा चटणी मागायला लाज वाटते. ते काय भानगड करणार?"

"मुकी माणसंच करतात. आणि त्या रेघा? त्या काय मी मारल्या?"

"वाक्यं आवडली असतील, म्हणून मारल्या असतील."

"तेच म्हणतेय मी! अशी वाक्यं का आवडावीत त्यांना?"

लेकीने कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला, आणि भिंगबाईला वाटलं की आपला मुद्दा सिद्ध झाला.

शुक्रवारी तिने फॉर्म भरून टाकला. भरून ठेवायला काय हरकत आहे, दिला थोडाच आहे, असं मनाशी म्हणत तिने सुंदर अक्षरात नाव, वय, अनुभव सगळं लिहिलं आणि पर्समध्ये घडी करून ठेवलं. शनिवारी जेवताना तिने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, "काय हो, ती कादंबरी कशी आहे?"

त्याने घास तसाच ठेवला. "का गं?"

"काही नाही. सहज."

"बघू. उद्या काय ठरतंय त्यावर आहे."

उद्या काय ठरायचंय? ताकास तूर लागू देत नव्हता माणूस. रविवारी दुपारी त्याने चक्क इस्त्रीचा शर्ट काढला, आरशासमोर उभं राहून उरलेसुरले केस तीनदा बसवले, आणि निळी पेन्सिल टोकदार करून खिशाला लावली. भिंगबाई साडी बदलून दारात उभी राहिली. "मी पण येते आज."

तो असा दचकला की कंगवा बेसिनमध्ये पडला. "तू? तुला कंटाळा येईल."

"बघू की. आला तर आला."

वाटेत त्याने खिशाला लावलेली पेन्सिल दोनदा चाचपली. तेही तिने टिपून ठेवलं.

वरच्या खोलीत पाचसहा खुर्च्या होत्या, एक टेबल होतं आणि जमिनीवरून औषधी साबणाचा वास येत होता. खालून एक कुत्रा अधूनमधून तक्रार करत होता. दवाखान्याचा डॉक्टर भूगोलबाईंचा भाचा, म्हणून जागा मिळालेली. भूगोलबाई सत्तरीच्या, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वायरमन तिशीतला, बोटांना चिकटपट्टी लावलेला. आणि औषधवाली! भिंगबाई जिच्यासाठी तीन दिवस मनात शब्दांना धार लावत होती, ती पन्नाशीतली, सर्दीने लाल झालेल्या नाकाची, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक गोल बाई निघाली.

"या या वहिनी," औषधवाली म्हणाली. "कधीपासून सांगतोय ह्यांना, घेऊन या म्हणून. बसा. माझ्यापासून लांब बसा मात्र, सर्दी लागेल."

'कधीपासून सांगतोय' हे भिंगबाईला खटकलं. घरी हा निरोप कधीच पोचला नव्हता. ती बरोबर मध्ये बसली, जिथून निळी आणि हिरवी दोन्ही पेन्सिली दिसत होत्या.

बोलणं सुरू झालं ते लेखकावरून. "पुस्तकाच्या मागे फोटो बघा," भूगोलबाई म्हणाल्या. "हल्लीचे सगळे लेखक भिंतीला टेकून लांब कुठेतरी बघत असतात. आमच्या वेळचे निदान समोर बघायचे."

"मुलाखत ऐकली का त्याची?" वायरमन म्हणाला. "म्हणतो, 'ही कादंबरी मी लिहिलीच नाही, पात्रांनी माझ्याकडून लिहून घेतली.' उद्या मी कुणाच्या घरी शॉर्टसर्किट केलं तर म्हणेन, मी काही केलं नाही, वायरींनीच माझ्याकडून करून घेतलं."

"आणि त्या मागच्या महिन्यातल्या बाईंचं काय?" कवळीवाला बोलला. भिंगबाईने मान वळवून पाहिलं. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. "दोनशे पानं एकही स्वल्पविराम नाही. दम लागला मला. पण शेवटची तीस पानं, आजारी सासूची, ती मी दोनदा वाचली. त्या बाईने कुणाचं तरी आजारपण काढलेलं आहे. ते कल्पनेने लिहिता येत नाही."

"शेवट मात्र वाचकावर सोडला," वायरमन कुरकुरला. "शेवट वाचकावर सोडला की लगेच ती थोर कादंबरी. मी वाचून थकलोय, आता शेवटही मीच करू?"

भिंगबाईला हसू आलं, आणि आपल्याला हसू आल्याचा रागही आला. ही माणसं कुठल्याच अंगाने भानगडबाज वाटत नव्हती. पण वाटत नाहीत म्हणूनच तर, असं तिने स्वतःला बजावलं.

"चला, रेघा," भूगोलबाईंनी टेबलावर हात आपटला. "पान एकतीस. निळी. 'लग्न म्हणजे रोज नव्याने बंद होणारं दार.' कवळीवाले, सांगा, हे खोटं का?"

भिंगबाईने कान टवकारले. खोटं?

"दार रोज नव्याने बंद व्हायचं तर ते रोज उघडायलाही हवं की नाही?" तो म्हणाला. "मग ते उघडतं कोण? यावर लेखक गप्प. वाक्य नुसतं चमकतंय. आत दात नाही, वर मुलामा आहे."

"थांबा," भिंगबाई न राहवून बोलली. "खोटं म्हणजे? रेघ खोट्याला मारतात?"

"म्हणजे तुम्हाला ह्यांनी काहीच सांगितलं नाही?" वायरमनला नवल वाटलं. "अहो वहिनी, आमचा एकच तर नियम आहे. आवडलेल्या वाक्याला पेन्सिल लावायची नाही. आवडलं ते स्वच्छ ठेवायचं. जे खोटं वाटतं, लेखकाने नुसतं टाळीसाठी टाकलंय, त्याच्याखाली रेघ. आणि ज्याने मारली त्याने सगळ्यांसमोर कारण द्यायचं."

"दुसऱ्या प्रकरणात बघा," भूगोलबाईंनी पानं उलटून दाखवली. "दोन भावांचं भांडण. सतरा पानं, एक रेघ नाही. पोरगा लिहितो चांगलं, फक्त बायकांपाशी आला की घसरतो."

"घसरतो कसला, लोळतो," औषधवालीने नाक शिंकरलं. "पान अठ्ठावन्न. आधी ह्यांनी मारली, मग मी. या लेखकाच्या तिन्ही कादंबऱ्यांत एक बाई येते, हसते, आणि नायकाला तारुण्य परत मिळतं. तिला दुसरा उद्योगच नाही. तिचं दुकान नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत. आणि ते बॅगेचं वाक्य! माझा नवरा नोकरीसाठी परगावी असतो. महिन्यातून दोन दिवस येतो तर तीन बॅगा आणतो. एका बॅगेत निघून जाणारी माणसं फक्त कादंबरीत असतात."

सगळे हसले. भिंगबाईही हसली, जरा उशिराने. सव्वीस वर्षं ती स्वतः हेच करत आली होती. चांगल्या शर्टाला कुणी बाण लावत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि नवऱ्याच्या रेघा दिसल्याबरोबर तिने त्या कौतुकाच्या धरल्या. तिच्या जिवात जीव आला. लाज वाटली, पण ती गोड लाज होती. तिने मनातल्या मनात पट्टीवरची सगळी पानं उलटी करून वाचली. दार खोटं, बाई खोटी, बॅग खोटी.

आणि मग एकशे अठ्ठेचाळीस.

तीही निळीच रेघ होती.

तिने हात पुढे करून पुस्तक ओढून घेतलं. पान लगेच सापडलं. "हे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "'तिच्यावर प्रेम होतं, म्हणूनच तो इतकी वर्षं गेला नाही.' हे खोटं का ते सांगा."

कवळीवाल्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पान तिने न शोधता उघडलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याचे कान लाल झाले.

"राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे कसं?" भूगोलबाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

तो पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. खाली कुत्रा दोनदा भुंकला. "यात असं आहे," तो शेवटी म्हणाला, "की हा माणूस रोज जायला निघतो आणि रोज प्रेम त्याला दारात अडवतं. असं नसतं. निदान माझं तसं नाही. एकोणतीस वर्षांत जायचा विचार माझ्या मनात एकदाही आलेला नाही. अडवायला प्रेमाची गरज कुठे पडली? मी आपला घरीच होतो."

वायरमनने मान खाली घातली. औषधवालीने पुन्हा नाक शिंकरलं, या वेळी सर्दीने नव्हे. भूगोलबाई म्हणाल्या, "हे त्या पोराला लिहून कळवायला पाहिजे." भिंगबाईला कुणीतरी पाणी दिलं.

तिला आनंद व्हायला हवा होता. बायका जन्मभर जे ऐकायला आसुसतात ते तिला चार माणसांत ऐकायला मिळालं होतं. पण पाण्याचा घोट गिळताना तिला वाटत होतं ते काही वेगळंच होतं. ते काय होतं, हे तिला आधी ओळखता आलं नाही. मग आलं. ती निराशा होती.

कारण ते तीन दिवस ती काही नुसती जळत नव्हती. पट्टीवर पानांचे आकडे लिहिता लिहिता तिने खोलीची खिडकी कुठल्या बाजूला असेल याचा विचार केला होता. चाळीस मुलींना पहिल्या दिवशी कॉलर शिकवायची की काजं, हे ठरवलं होतं. पाच साड्या नेऊ की सहा. रात्री एकटीपुरती खिचडी टाकली की झालं. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात 'सव्वीस वर्षं' लिहिताना तिची मान आपोआप ताठ झाली होती. नवरा दोषी निघाला असता तर ती उजळ माथ्याने निघाली असती. चारचौघांनी तिची बाजू घेतली असती, लेकीनेही घेतली असती. त्याच्यातली खोट ती डोळ्यांत तेल घालून शोधत होती, कारण तिला ती हवी होती. आता तिच्या टेबलावर एक निर्दोष माणूस ठेवलेला होता, आणि तरीही तिला जायचंच होतं.

तिला त्याचा इतका राग आला की डोळे भरले. बाकीच्यांना वाटलं, बाई हेलावली.

परतताना तो बोलत होता. चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. पुढची कादंबरी कुणाची घ्यायची, वायरमनला कुठली लेखिका सोसत नाही, भूगोलबाई कुठल्या लेखकावर मनातून भाळलेल्या आहेत. "पुढच्या वेळेपासून तू पण ये," तो म्हणाला. "पाचवा रंग घेऊ. तुझी नजर चांगली आहे, तू तर एकेकाची सालं काढशील."

"अहो, थांबा जरा."

तो थांबला. दोघं बंद दुकानांच्या ओळीसमोर उभी होती. तिने पर्स उघडली आणि घडी त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा कपाळावर सरकवून फॉर्म वाचला. खालपासून वरपर्यंत, मग वरपासून खालपर्यंत.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"माझं काही चुकलं का?"

"नाही." तिने पर्स बंद केली. "मला वाटलं होतं चुकलं. तुमची पिशवी शिवताना मी पुस्तक वाचलं. त्या रेघा. मला वाटलं, तुमचं आणि औषधवालीचं काहीतरी आहे."

त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं, पण ते अर्ध्यातच थांबलं. "मग तसं नाही, हे आज कळलं ना?"

"कळलं."

"म्हणजे हे आता द्यायचं नाही." त्याने फॉर्मची घडी घालायला घेतली.

"द्यायचंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

"अगं पण, का? तिथे पगार जास्त आहे?"

"थोडा. त्यासाठी नाही."

"माझा राग आला म्हणून?"

"नाही हो. तुमची काही चूक नाही. शोधून शोधून दमले मी, नाही सापडली." तिला वाटलं, आता तरी आपण रडू. पण रडू आलं नाही. "मला जावंसं वाटतंय. एवढंच आहे."

त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. तो बारकाईने बघतो आहे हे तिला जाणवलं, आणि तिने नजर हलवली नाही.

"हे मात्र खरं वाटतंय," तो म्हणाला, आणि फॉर्म हातात घेऊन शेजारच्या दुकानाच्या पायरीवर खाली बसला.